सर्वोचा वीजपुरवठा: व्होल्टेजचा खड्डा कुठे पडतो आणि कसा बुजवायचा

कापसाची उलंगवाडी झाली, पऱ्हाट्या निघाल्या आणि वावर मोकळं झालं, की आपल्या विदर्भात मॉडेल विमान उडवायला याहून चांगली जागा नाही. तारा कमी, माणसं कमी, उतरायला मऊ काळी माती. फोमबोर्ड किंवा सनबोर्ड कापून, नागपूर-अमरावतीहून कुरिअरने मोटार, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि पंख-शेपटीवरच्या हलत्या फळ्या फिरवणारे चार सर्वो मागवून पोरं मोठ्या जिद्दीने विमान बांधतात. मग एक दिवस ते चांगलं उडत असताना वळणात अचानक हाताबाहेर जातं आणि नाकावर आदळतं. धुऱ्यावर उभे असलेले सगळे एकच कारण सांगतात: "सिग्नल गेला भाऊ."

सिग्नल क्वचितच जातो. २.४ गिगाहर्ट्झचा साधा रेडिओसुद्धा मोकळ्या वावरात, डोळ्यांना विमान नीट दिसतं तेवढ्या अंतरावर सहज काम करतो. माझ्या पाहण्यातल्या अशा बऱ्याच अपघातांत रेडिओ शाबूत होता. विमानात बसून रिमोटचा हुकूम घेणाऱ्या रिसिव्हरला मिळणारं व्होल्टेज मात्र क्षणभर पडलं होतं, आणि ते पाडलं होतं त्याच विमानातल्या सर्वोंनी. हे कसं होतं ते एकदा नीट समजलं, तर फार पैसे न घालता ते टाळता येतं.

सर्वो करंट कसा खातो

सर्वोच्या छोट्या डबीत चार वस्तू असतात: एक डीसी मोटार, दातेरी चक्रांची साखळी, शाफ्टची जागा सांगणारा पोटेन्शिओमीटर आणि हे सगळं सांभाळणारं छोटं सर्किट. बाहेर तीन तारा येतात. लाल तार प्लस, तपकिरी किंवा काळी मायनस, आणि केशरी, पिवळी किंवा पांढरी तार सिग्नलची. रिसिव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी सिग्नलच्या तारेवर एक पल्स पाठवतो. १५०० मायक्रोसेकंदांची पल्स म्हणजे मधली जागा, १००० आणि २००० म्हणजे दोन टोकं. सर्वो आपली जागा या पल्सशी ताडून पाहतो आणि फरक असेल तेवढी मोटार फिरवतो.

पल्स फक्त हुकूम देते. ताकद सगळी लाल आणि तपकिरी तारेतूनच येते, आणि ती एकसारखी येत नाही. एसजी-९० सारखा ९ ग्रॅमचा सर्वो स्वस्थ बसलेला असताना जेमतेम ५ ते १० मिलिअँपिअर घेतो. हवेत मोकळा फिरताना १०० ते २५० मिलिअँपिअर. शाफ्ट अडकला, म्हणजे मोटारीला फिरायचं आहे पण फिरता येत नाही, तर सुमारे ६५० ते ७५० मिलिअँपिअर. याला स्टॉल करंट म्हणतात. एमजी-९९६आर सारख्या मोठ्या, धातूच्या गिअरच्या सर्वोचा स्टॉल करंट ६ व्होल्टला अडीच अँपिअरच्या घरात जातो.

आपला सर्वो तर कुठे अडकत नाही, मग स्टॉलचा विचार कशाला, असं वाटेल. पण डीसी मोटार फिरायला लागली की स्वतःच एक उलटं व्होल्टेज तयार करते, आणि त्यानेच तिचा करंट आवरला जातो. सुरू होण्याच्या क्षणी ती थांबलेली असते, उलटं व्होल्टेज शून्य असतं, म्हणून ते काही मिलिसेकंद प्रत्येक सर्वो स्टॉलइतकाच करंट ओढतो. चालत्या सर्वोला एकदम उलट दिशेचा हुकूम दिला तर आणखी वाईट. आधीच्या गतीमुळे तयार झालेलं व्होल्टेज आता पुरवठ्याच्या विरोधात न राहता त्याच्या बाजूने उभं राहतं, आणि करंट क्षणभर स्टॉलच्याही वर जातो. तुम्ही रिमोटची स्टिक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झटकली, की विमानात हे घडतं.

आता हिशोब करा. चार सर्वो, प्रत्येकी ०.७ अँपिअर, म्हणजे एका क्षणाची गरज २.८ अँपिअर. सरासरी काढली तर हेच चार सर्वो उड्डाणात मिळून अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाहीत. अर्ध्या अँपिअरने दहा मिनिटं उडलात, तर सर्वोंनी खाल्लेली वीज ८५ मिलिअँपिअर-अवरच्या आत राहते. बॅटरीची साठवण म्हणजे इथे अडचणच नाही. २००० मिलिअँपिअर-अवर लिहिलेला पॅक लावूनही विमान पडू शकतं, कारण त्या एका क्षणाला तो २.८ अँपिअर देऊ शकला का, एवढाच प्रश्न असतो.

गावात हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला आहे. थ्री-फेज लाइन आली की ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर एका दणक्यात भार येतो, आणि लाइनच्या शेवटच्या वावरातली मोटार नुसती घुमत राहते. ऑटो स्विच काढा असं महावितरण वारंवार सांगते ते याचसाठी. दिवसभराची युनिटं मोजली तर डीपी पुरेसा दिसतो, पण त्याची परीक्षा त्या पहिल्या काही सेकंदांत असते. विमानात सर्वो म्हणजे या मोटारी. आणि रिसिव्हर, ज्याच्या भरवशावर सगळं चाललंय, तोही त्याच लाइनवर बसलेला असतो.

रिसिव्हर झोपतो तेव्हा

आजच्या प्रत्येक रिसिव्हरमध्ये एक छोटा प्रोसेसर असतो. तो बहुधा आतल्या ३.३ व्होल्टवर चालतो, म्हणून बाहेरचा पुरवठा साडेतीन व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली आला की बरेच रिसिव्हर रीसेट होतात. काही त्याच्याही आधी गडबडतात. ४ व्होल्टपासून पुढे चालेल असं कागदावर लिहिलेलं असेल, तर त्याच्या खाली काहीही गृहीत धरू नका. व्होल्टेज परत वर आलं तरी रिसिव्हर लगेच कामाला लागत नाही. त्याला पुन्हा सुरू व्हायचं असतं, ट्रान्समीटर शोधायचा असतो, जोडणी करायची असते. काही रिसिव्हर हे पापणी लवते तेवढ्या वेळात करतात, काहींना एक-दोन सेकंद लागतात. वीस मीटर उंचीवर ताशी ६० किलोमीटरने निघालेल्या विमानाला दोन सेकंद म्हणजे तेहतीस मीटर. उंची संपते.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. रिसिव्हर जागा झाला की सगळ्या सर्वोंना एकाच वेळी नव्या जागेवर जायचा हुकूम मिळतो. चारही मोटारी थांबलेल्या अवस्थेतून एकदम सुटतात, पुन्हा २.८ अँपिअर, पुन्हा खड्डा, पुन्हा रीसेट. लांबून पाहणाऱ्याला विमान थरथरल्यासारखं दिसतं, मधेच ऐकतं, मधेच ऐकत नाही. सिग्नल तुटल्यासारखंच ते दिसतं, त्यामुळे पाहणाऱ्याला दोष देता येत नाही.

आणि विमान पडल्यावर उचलून पाहिलं तर सगळे सर्वो सुरळीत चालतात. चालणारच. जमिनीवर एलेव्हेटरवर (शेपटीची, नाक वर-खाली करणारी फळी) वारा नाही, एलेरॉनवर (पंखांची, विमान कलवणारी फळी) जोर नाही. हवेत या पृष्ठांवर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ९० वर गेलात, तर वेग दीडपट पण जोर सव्वादोन पट. म्हणजे विमान खाली झेपावून वेगात असतं आणि तुम्ही एलेव्हेटर पूर्ण ओढता, नेमक्या त्याच क्षणी सर्वो सर्वांत जास्त करंट मागतात. हा क्षण जमिनीजवळचाच असतो. म्हणून ओट्यावर बसून स्टिक हलवून "सगळं बरोबर आहे" म्हणणं ही परीक्षाच नाही.

बीईसी आणि मे महिना

इलेक्ट्रिक विमानात सर्वोंना वीज बहुतेक वेळा ईएससीमधल्या बीईसी नावाच्या भागाकडून मिळते. मुख्य लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचं ७.४ किंवा ११.१ व्होल्ट कमी करून तो ५ व्होल्ट देतो. स्वस्त ईएससींमध्ये तो लिनिअर जातीचा असतो, आणि त्यावर "५ व्होल्ट २ अँपिअर" छापलेलं असतं. हा आकडा पूर्ण खोटा नसतो, पण त्याला एक अट असते.

लिनिअर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता करून फेकतो. तीन सेलची पूर्ण भरलेली लायपो १२.६ व्होल्टची. त्यातून ५ व्होल्ट काढायचे म्हणजे ७.६ व्होल्ट जाळायचे. सर्वो १ अँपिअर घेत असतील तर सर्वोंना मिळाले ५ वॅट आणि बीईसीच्या अंगावर जळले ७.६ वॅट. दोन सेलवर हेच गणित ३.४ वॅटवर येतं. म्हणूनच अनेक ईएससींच्या कागदावर तक्ता असतो, आणि त्यात बॅटरीचे सेल वाढले की परवानगी असलेल्या सर्वोंची संख्या घटत जाते. तो कागद फेकू नका.

आता यात आपलं ऊन घाला. समजायला सोपा म्हणून ७८०५ हा जुना, तीन पायांचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप, घेऊ. हीटसिंक नसेल तर तो दर वॅटला साधारण ६५ अंश तापतो. तीन सेलची बॅटरी आणि सरासरी फक्त ०.२ अँपिअर करंट असला तरी दीड वॅट जळतो, म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा सुमारे ९७ अंश वर. डिसेंबरच्या सकाळी हवा १२ अंशांची असते, आतलं सिलिकॉन ११० च्या आसपास राहतं, काही बिघडत नाही. मे महिन्यात अकोला, नागपूर, चंद्रपूर पंचेचाळिशी ओलांडतात. उन्हात ठेवलेल्या विमानाच्या बंद पोटातली हवा ६० अंशांची धरली तर सिलिकॉन १५७ वर जातं. या जातीच्या चिपची मर्यादा १२५ ते १५० अंशांच्या दरम्यान असते, आणि तिच्यावर गेली की चिप स्वतःला वाचवायला पुरवठा बंद करते. चिप वाचते, विमान जातं. हिवाळाभर बिनतक्रार उडालेलं विमान नवतपाच्या दिवसांत पडतं ते यामुळेच, आणि तेव्हा लोक म्हणतात उन्हाने सिग्नल तुटला.

ईएससीमधले रेग्युलेटर वेगळ्या आकाराचे, दोन-तीन एकत्र जोडलेले असतात, म्हणून आकडे थोडे बदलतील, पण दिशा हीच. त्यातही फोमबोर्ड आणि थर्माकोल उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. पुढून हवा आत येईल आणि मागून बाहेर पडेल अशी दोन भोकं प्रत्येक विमानाला हवीतच, आणि मागचं भोक पुढच्यापेक्षा मोठं ठेवावं. उड्डाणाआधी विमान झाडाखाली राहू द्या. बॅटरी जोडून उन्हात वाट पाहत उभं राहणं सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पंख्याची (प्रोपेलरची) हवाही मिळत नाही.

दोन सेलवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ७८०५ सारख्या रेग्युलेटरला ५ व्होल्ट द्यायला आत किमान ७ च्या आसपास लागतात. जुनी, फुगायला लागलेली दोन सेलची लायपो पूर्ण थ्रॉटलला ६ व्होल्टवर बसली, तर रेग्युलेटर शाबूत असूनही बाहेर ५ येणार नाहीत. नव्या पद्धतीचे, आत-बाहेरच्या कमी फरकावर चालणारे लो-ड्रॉपआउट रेग्युलेटर थोडं सांभाळून घेतात, पण बसलेली बॅटरी कोणीच सांभाळू शकत नाही.

यावर उपाय आहे स्विचिंग बीईसी, ज्याला बाजारात यूबीईसी म्हणतात. तो व्होल्टेज जाळत नाही. करंट फार वेगाने चालू-बंद करून, कॉइलमधून गाळून ५ किंवा ६ व्होल्ट बनवतो. कार्यक्षमता ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तीन सेलवरही फार तापत नाही. चार किंवा जास्त सर्वो आणि तीन किंवा जास्त सेल असतील, तर वेगळा ५ अँपिअरचा यूबीईसी लावाच असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची किंमत एका तुटलेल्या विमानाच्या सामानापेक्षा फार कमी असते. त्याच्या स्विचिंगचा थोडा रेडिओ गोंगाट होतो, म्हणून तो रिसिव्हरपासून वीतभर लांब ठेवावा आणि बाहेर येणाऱ्या तारेचे दोन-चार वेढे फेराइट रिंगमधून घ्यावेत.

यूबीईसी लावताना एक काम विसरू नका. ईएससीच्या तीन तारांच्या प्लगमधली लाल तार पिनेसकट बाहेर काढून तिला टेप गुंडाळा. नाहीतर दोन वेगवेगळे रेग्युलेटर एकमेकांशी भांडत बसतात. तपकिरी आणि सिग्नलची तार तशीच राहू द्या. तपकिरी काढली तर ईएससीला सिग्नल कशाच्या तुलनेत वाचायचा तेच कळणार नाही.

ग्लायडर किंवा पेट्रोल-नायट्रो इंजिनाच्या विमानात रिसिव्हरसाठी वेगळी बॅटरी असते. इथे गावात सर्रास दिसणारी चूक म्हणजे रिमोट-खेळण्यातला स्प्रिंगवाला चार सेलचा डबा. घड्याळातल्या साध्या सेलचा तर विचारही नको. चांगल्या अल्कलाइन सेलचासुद्धा आतला रोध साधारण ०.१५ ते ०.३ ओहम असतो. चार सेलचा ०.६ च्या वर गेला, की २ अँपिअरला आतच सव्वा व्होल्ट गडप. चांगल्या एनआयएमएच (निकेल मेटल हायड्राइड) सेलचा रोध २५-३० मिलिओहम, म्हणजे चार सेलला २ अँपिअरवर पाव व्होल्ट. फरक मोठा आहे. पण तोही सेल एकमेकांना पट्टीने वेल्ड केलेले असतील तरच मिळतो, स्प्रिंगच्या डब्यात इंजिनाच्या थरथरीने जोड सुटत राहतो. चार सेल ४.८ व्होल्ट, पाच सेल ६ व्होल्ट. मी पाच सेलच निवडीन, कारण खड्डा पडला तरी खाली जागा उरते. दोन सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक ६.६ व्होल्टचा, आतला रोध कमी आणि व्होल्टेज बरंच स्थिर, म्हणून मोठ्या विमानांत तो लोकप्रिय आहे. कोणताही पॅक जोडण्याआधी सर्वो आणि रिसिव्हर दोघांचाही वरचा आकडा पाहा. दोन सेलची लायपो भरल्यावर ८.४ व्होल्ट होते, आणि एचव्ही (हाय व्होल्टेज) न लिहिलेला साधा सर्वो त्यावर थेट जोडला की जळतो.

तार, प्लग आणि अडकणारा पुशरॉड

बीईसी दमदार असून खड्डा पडतो तेव्हा तारा पाहा. छोट्या सर्वोंच्या तारा २६ किंवा २८ गेजच्या असतात; गेजचा आकडा मोठा तेवढी तार बारीक. २६ गेजचा रोध मीटरला सुमारे ०.१३ ओहम, २२ गेजचा ०.०५ च्या थोडा वर. करंट लाल तारेने जातो आणि तपकिरीने परत येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. पंखातली ६० सेंटीमीटरची २६ गेजची वाढीव तार म्हणजे १.२ मीटर, ०.१६ ओहम. त्यावर अडीच अँपिअरचा सर्वो लावला तर ०.४ व्होल्ट तारेतच गेले. २२ गेज घेतली तर ०.१६ व्होल्ट.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. पंखाच्या तारेत पडलेलं व्होल्टेज त्या सर्वोची ताकद कमी करतं, रिसिव्हरला मात्र ते झोपवत नाही. रिसिव्हरला झोपवतं ते बीईसीपासून रिसिव्हरपर्यंतच्या तारेतलं पडणं, कारण सगळ्या सर्वोंचा करंट त्याच एका तारेतून येतो. २५ सेंटीमीटरची २६ गेजची तार, जाऊन-येऊन ०.०६७ ओहम, २.८ अँपिअरला ०.१९ व्होल्ट. प्लग जुना झाला असेल, दोन पिनांचा मिळून ०.१ ओहम रोध आला असेल, तर आणखी ०.२८. बीईसीकडून निघालेले ५ व्होल्ट रिसिव्हरला साडेचारच मिळाले, आणि बीईसी स्वतः बसला असेल तर ते वेगळं. म्हणून पैसे आणि मेहनत आधी या तारेवर घालवा. ती सगळ्यात आखूड आणि सगळ्यात जाड हवी. शक्य असेल तर यूबीईसीकडून दोन तारा घेऊन रिसिव्हरच्या दोन वेगळ्या पोर्टात घाला. रिसिव्हरच्या आत सगळ्या प्लस पिना एकाच पट्टीवर असतात, त्यामुळे करंट वाटला जातो आणि एक प्लग सुटला तरी दुसरा उरतो.

सर्वोच्या तीन पिनांच्या प्लगला सलग ३ अँपिअरच्या वर धरू नये. पिना सैल झाल्या की रोध वाढतो. आपली काळी माती सुकली की पिठासारखी उडते आणि प्लगात शिरते, पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो. प्लग ओढताना तार न धरता प्लास्टिक धरून काढा, आणि हंगामाच्या सुरुवातीला सगळे प्लग काढून पाहा. उरलेल्या पऱ्हाटीच्या खुंटांत विमान उतरलं असेल तर पोटाखालच्या तारा त्याच दिवशी तपासा. छोटा सरकता स्विच मला अजिबात पसंत नाही. इलेक्ट्रिक विमानात बॅटरीचा प्लग हाच स्विच पुरे.

आता यांत्रिक बाजू, जिच्याकडे वीज शोधणाऱ्यांचं लक्षच जात नाही. सर्वोचा हात पृष्ठाला जोडणारा पुशरॉड कुठे घासत असेल, बिजागरीचा टेप आखडला असेल, पृष्ठावरचा कंट्रोल हॉर्न तिरका बसला असेल, तर सर्वो पृष्ठ हलवण्याआधी या घर्षणाशी झगडतो आणि सतत जास्त करंट घेतो. सर्वोचा हात काढून पृष्ठ दोन बोटांनी हलवून पाहा. कुठेही न अडकता ते टोकापर्यंत गेलं पाहिजे. मग सर्वो जोडून स्टिक टोकाला न्या आणि कान लावा. घुरघुर ऐकू आली तर पृष्ठ किंवा पुशरॉड कुठेतरी टेकला आहे, आणि सर्वो पुढे जायला धडपडत जवळजवळ स्टॉल करंटवर बसला आहे. रेडिओत त्या चॅनलचा एंड पॉइंट, म्हणजे सर्वोने टोकाला किती जायचं ती मर्यादा, घुरघुर थांबेपर्यंत कमी करा. डिजिटल सर्वो जागा धरून ठेवताना थोडा गुणगुणतो, ते चालतं. साधा सर्वो मोकळा असताना शांत हवा. हे काम फुकट आहे, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा यातच आहे.

कपॅसिटरने काय होतं, काय होत नाही

रिसिव्हरच्या रिकाम्या पोर्टात ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालायचा सल्ला बरेच जण देतात. विहिरीवरच्या मोटारीचा कपॅसिटर वेगळ्या कामाचा. हा नुसती वीज साठवतो आणि खड्ड्याच्या क्षणी परत देतो. किती देतो ते मोजता येतं. पुरवठा १ मिलिसेकंद पूर्ण थांबला आणि सर्वो २ अँपिअर मागत असतील, तर कपॅसिटरचं व्होल्टेज सुमारे ०.४३ ने पडेल. चालेल. तोच खड्डा १० मिलिसेकंदांचा असेल तर ४.३ व्होल्ट पडेल, म्हणजे काही उरलंच नाही. सर्वो सुरू होतानाचे टोकदार झटके तो पुसतो, कमजोर बीईसीला बलवान करत नाही. लावायचा असेल तर १० किंवा १६ व्होल्टचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) जातीचा घ्या आणि प्लस-मायनस दोनदा तपासा. उलटा जोडलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो.

खड्डा मोजायचा कसा

आपल्या साध्या मल्टिमीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो. काही मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसत नाही, तो ४.९८ दाखवत राहतो आणि आपण निश्चिंत होतो. टेलिमेट्री असलेला, म्हणजे विमानातले आकडे रिमोटवर परत पाठवणारा, रिसिव्हर असेल तर त्याचा किमान आकडा पाहा, पण तोही सावकाशच वाचतो.

तालुक्याच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथे अर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड बहुधा सापडेल, आणि या कामाला तो उत्तम आहे. रिसिव्हरच्या रिकाम्या पोर्टाच्या प्लसपासून १० किलो-ओहमचा आणि पुढे १ किलो-ओहमचा रेझिस्टर मायनसपर्यंत जोडा. मधला बिंदू अर्डुइनोच्या अॅनालॉग पिनेला, आणि दोघांचे मायनस एकमेकांना. प्रोग्राममध्ये आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा. व्होल्टेज अकराने भागलं जातं, त्यामुळे १२.१ व्होल्टपर्यंत मोजता येतं आणि एक पायरी सुमारे १२ मिलिव्होल्टची पडते. अर्डुइनो एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात करतो. त्याला सतत वाचत राहायला सांगा, सगळ्यात लहान आकडा लक्षात ठेवायला सांगा आणि शेवटी तो दाखवायला सांगा. प्रोग्राम दहा-बारा ओळींचा. आतला संदर्भ प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा असतो, म्हणून सर्वो शांत असताना मल्टिमीटरशी एकदा जुळवून घ्या. अर्डुइनोला वीज लॅपटॉप किंवा पॉवर बँकेकडून द्या, विमानातून घेऊ नका.

परीक्षा अशी. पंखा (प्रोपेलर) काढा, ही अट मोडायची नाही. ती बॅटरी घ्या जी उड्डाणाच्या शेवटी असते तशी उतरलेली आहे, ताजी भरलेली नको. एक जण दोन्ही स्टिक जोरात चारही कोपऱ्यांत फिरवतो, दुसरा एलेव्हेटर आणि एलेरॉन हाताने हलके अडवून धरतो, गिअर तुटेल इतका जोर न लावता. मिनिटभर असं करून किमान आकडा वाचा. ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर तो ४.५ च्या वर राहिला तर मी निर्धास्त उडवीन. ४.३ च्या खाली गेला तर विमान उचलून घरी नेईन आणि तार, प्लग, पुशरॉड, बीईसी याच क्रमाने शोधत जाईन. लिनिअर बीईसी असेल तर हीच परीक्षा दुपारी, विमानाचं झाकण लावून, सलग पाच मिनिटं करावी लागते. गरम झाल्यावर तो काय करतो ते मिनिटभरात कळत नाही.

दीड-दोन मीटरच्या पुढे, मोठ्या सर्वोंच्या विमानात चित्र थोडं बदलतं. एकेक सर्वो अडीच-तीन अँपिअर घेणारा, असे सहा असतील तर तो सगळा करंट रिसिव्हरच्या बारीक पट्ट्यांतून नेणं बरोबर नाही. तिथे वेगळं वाटप-बोर्ड लावून सर्वोंना ताकद थेट त्यातून आणि रिसिव्हरकडून फक्त सिग्नल द्यावा, मायनस मात्र सगळ्यांचा एकच राहिला पाहिजे. दोन बॅटऱ्या शॉट्की डायोडने (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) जोडल्या तर एक गेली तरी दुसरी चालते. डायोड ०.३ ते ०.५ व्होल्ट खातो, तेवढा पुरवठा वर ठेवावा. दोन किलोच्या आतल्या फोमच्या विमानाला एवढ्याची गरज नाही.

गावातल्या नेहमीच्या विमानासाठी, म्हणजे सव्वा मीटर पंख, तीन सेलची लायपो, चार ९ ग्रॅमचे सर्वो, मी जोडणी अशी करतो: ५ व्होल्ट ५ अँपिअरचा यूबीईसी, त्याच्या बॅटरीकडच्या तारा थेट बॅटरीच्या प्लगवर सोल्डर केलेल्या, रिसिव्हरकडे २२ गेजच्या दोन आखूड तारा, ईएससीची लाल तार काढलेली, पंखातल्या वाढीव तारांचे प्लग टेपने बांधलेले आणि पोटाला हवेची दोन भोकं. सर्वो बदलला, पुशरॉड वाकला किंवा बॅटरी नवीन घेतली, की अर्डुइनो पुन्हा जोडून किमान आकडा घेतो आणि तो विमानाच्या पोटावर पेनने तारखेसह लिहून ठेवतो. पुढच्या वेळी आकडा दोन दशांशाने जरी खाली आला, तरी कुठला प्लग सैल होतोय ते शोधायला लागतो.